कडेचे पाव

नाही, ती पिशवी नाही मिळणार — ती ठेवलेली आहे. कुणासाठी, ते… आहे कुणासाठी तरी. तुला मी मधले दिले ना, चारही बाजूंनी मऊ? सकाळपासून गाव त्यासाठी दारात उभं होतं, आणि तू दुकान बंद व्हायच्या वेळेला येतेस, उरलेले चार तुला मिळतात, आणि वर विचारतेस की त्या पिशवीत काय आहे. पाव आहेत. वेलदोड्याचेच, याच ट्रेमधले, फक्त कडेचे. बघ, हे गोळे एकमेकांना खेटून लावायचे असतात, भट्टीत फुगले की चिकटतात, मग हाताने तोडून वेगळे करायचे — मधल्याला कुठेच साल धरत नाही, आणि कडेच्याला एका अंगाला तपकिरी साल येते, जाड, चिवट. ती कुणालाच नको असते. तुला चालतील म्हणतेस? तुला चालतील गं, मला नाही चालणार. आणि जरा बाजूला सरक — नाही, इकडे, टोपल्यांकडे. खिडकीतून चौक दिसायला हवा मला. असंच. सवय आहे.

तू कोपनहेगनची ना? स्टेशनमास्तरांच्या जुन्या घरात राहायला आलेली, शाळेत शिकवतेस — हो, कळतं इथे सगळं, बेकरी आहे ही. मग तुला सांगायला हवं. तिकडे म्हणे हे पाव महिनाभर आधीपासून प्लास्टिकमध्ये मिळतात. इथे वर्षातून एकदा, मोठ्या प्रार्थनादिनाच्या आदल्या दिवशी. का, तर पूर्वी त्या दिवशी बेकरीवाल्याला भट्टी पेटवायला मनाई होती, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवायचे आणि लोकांनी दुसऱ्या दिवशी कापून, भाजून, लोणी लावून खायचे. पण वेलदोड्याचा वास घरात शिरल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतंय कोण? आदल्या रात्रीच फडशा. काय म्हणालीस? प्रार्थनादिनाची सुट्टी रद्द झालीय? — कोण म्हणतं? सरकार म्हणतं. सरकारने म्हणावं. दारावरची पाटी वाचलीस येताना? ‘मोठ्या प्रार्थनादिनानिमित्त उद्या दुकान बंद.’ माझ्या हातची आहे. उद्या शुक्रवार, शुक्रवारी लोक वीकेंडचे केक नेतात, सगळं मला माहीत आहे, चाळीस वर्षं हेच करतेय. तरी बंद.

मला देवभक्त समजू नकोस हं. मी चर्चला जाते नाताळात, आणि कुणी गेलं तर. प्रार्थनादिनाला प्रार्थना कुणी करत नव्हतं, खोटं कशाला बोलू. लोक बागेतल्या खुर्च्यांना तेल लावायचे, पोरांचे चर्चमधले सोहळे व्हायचे, मामा-मावश्या जमायच्या, आणि माझा होल्गर दुपारी बिअर घेऊन गवतावर आडवा व्हायचा. एवढंच. पण राजाने कधीकाळी सांगितलं होतं की या दिवशी कुणी कुणाकडून काम करून घ्यायचं नाही, आणि तीनशे वर्षांवर कुणी घेत नव्हतं. आणि मग एका हिवाळ्यात ते उठतात आणि म्हणतात, हा दिवस आम्हाला लागतोय. लागतोय म्हणजे? काय शेजारची शिडी आहे?

तू कुणाला मत देतेस? नको, सांगू नकोस. लालच असशील, डावी, मास्तर लोक असतात. असू दे, लालांनाही पाव देते मी. पण तुम्हा लोकांना लांबून आम्ही निळे, उजवे, सगळे एकच वाटतो, ते तसं नाही. एकट्या माझ्या जेवणाच्या टेबलावर तीन निळे बसतात आणि बटाटे थंड होईपर्यंत भांडतात. होल्गर कॉन्झर्व्हेटिव्ह. पाव पोचवायची गाडी चालवतो, घरात चांदीचा चमचा नाही, पण कॉन्झर्व्हेटिव्ह — राजा, चर्चची घंटा, बागेत झेंड्याचा खांब, सूर्य मावळायच्या आत झेंडा खाली आणि घडी कशी घालायची याचं मला अजून शिकवणं चालू आहे. लग्नाआधी माझ्या बाबांनी त्याला पहिला प्रश्न पक्षाचाच विचारला होता. नंतर आईला म्हणाले, कॉन्झर्व्हेटिव्ह आहे, पण लवकर उठतो. होल्गरचं म्हणणं सोपं — जे आपल्या आधीपासून आहे ते आपलं नसतं, आपण फक्त सांभाळायचं. दिवस रद्द करणारे हे कोण लागून गेले? बरं, हे मला पटतं, पण मग म्हणतो, चल आमच्या पक्षात ये. तिथे नाही जायची मी. त्यांच्या सभेत बायका पर्सशी हातमोजे जुळवून येतात.

आणि आमचा येप्पे. आर्हूसला असतो, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतो, काय ते मला तीनदा सांगितलंय. तो लिबरल अलायन्सवाला, तिथली सगळीच पोरं आहेत सध्या. तो म्हणतो, आई, सुट्टी सरकारने देऊही नये आणि काढूही नये. तुला बंद ठेवायचंय? ठेव. कुणी धरलंय का तुला? मी म्हटलं, अरे, दुकानाची किल्ली माझ्या खिशात आहे म्हणून मी ठेवेन बंद, पण कत्तलखान्यात पाळीला जाते ती बाई काय बंद ठेवणार? सुरी? तर म्हणतो, तिने मालकाशी बोलून घ्यावं. बोलून घ्यावं म्हणे! तू बघितलायस का तिथला मालक? ज्याच्या खिशात किल्ली त्याचं स्वातंत्र्य, असा याचा पक्ष. हुशार आहे पोरगा, माझाच आहे, पण दुसऱ्याच्या खिशात हात घालून बघायची त्याला सवय नाही.

मी? मी वेन्स्ट्रे. म्हणजे — होते. नावाचा अर्थ डावा आणि बसतो उजवीकडे, ते विचारू नकोस, पणजोबांच्या वेळचं आहे. वेन्स्ट्रे म्हणजे शेतकऱ्यांचा पक्ष, इथे तर तो पक्ष नव्हताच, हवा होती. गावाने दुधाची डेअरी स्वतः काढली, सभागृहाच्या विटा स्वतः वाहिल्या, शाळा कशी हवी ते स्वतः ठरवलं. बाबा म्हणायचे, आम्हाला कोपनहेगनकडून दोनच गोष्टी पाहिजेत, रस्ता आणि शांतता. आम्ही आमचं बघतो. हे वेन्स्ट्रे. बाबांबरोबर पोस्टर लावायला मी शिडी धरायची, मी खाली आणि लाउरिड्स वर — माझा थोरला भाऊ. मागच्या निवडणुकीतही मी तिथेच फुली मारली, न बघता, हात आपोआप जातो. आणि हिवाळ्यात उठून बघते तर आमचा पक्ष लालांबरोबर सरकारात, माझं मत सोशल डेमोक्रॅटांच्या टेबलावर जाऊन जेवायला बसलेलं. निळ्यांना दिलेलं मत! बरं, तेही गिळलं, म्हटलं देशावर वेळ तशी आहे. आणि मग पहिलं काम काय, तर लोकांचा दिवस काढून घ्यायचा. वेन्स्ट्रेने! ज्यांचं सगळं आयुष्य ‘आमच्यात लुडबुडू नका’ सांगण्यात गेलं, त्यांनी! लालांनी केलं असतं तर मी चिडले असते आणि झोपले असते. आपल्याच माणसाने केलं की झोप लागत नाही.

ती गाडी आत्ता आली का गं चौकात? करडी, जुनी स्टेशन वॅगन. मागे कुत्र्याची जाळी आहे? — नाही, तू वळू नकोस, मीच बघते. असेल कुणाची तरी.

तर लाउरिड्स. तो आमच्या इथल्या शाखेचा अध्यक्ष आहे, वेन्स्ट्रेचा. बाबांच्या जागी. बेकरी मी घेतली, त्याने शेतकऱ्याची मुलगी केली आणि डुकरं घेतली, आणि अध्यक्षपद त्याच्याकडे गेलं — असं वाटून घेतलं आम्ही, कुणी बोललं नाही, पण तसंच. तर त्या वर्षी शाखेची वार्षिक सभा होती, सभागृहात, कॉफी आणि केक. केक माझे, दर वर्षी माझेच, क्रीमचे थर दिलेले, तिथल्या लांब टेबलावर ओळीने मांडलेले. मी कधी सभेत तोंड उघडत नाही, केक कापते. त्या दिवशी उभी राहिले. म्हटलं, अध्यक्षमहाराज — भावालाच, हो — अध्यक्षमहाराज, बाबांचा दिवस कुणाला विचारून दिलात? तो म्हणाला, पूर्वेकडे युद्ध पेटलंय, सैन्य उभं करायला पैसा लागतो, प्रत्येकाने वर्षात एक दिवस जास्त काम केलं तर कुणी मरत नाही. शांतपणे म्हणाला. तो शांतपणे बोलतो तेव्हाच मला जास्त राग येतो. मी म्हटलं, सैन्याला पैसा कोण नाही म्हणतंय, कर लावा, कर्ज काढा, डुकरं विका, पण चर्चच्या दिवसाला हात का? तुमच्या लोकांना मंत्र्यांच्या खुर्च्या मिळाल्या आणि किंमत म्हणून तुम्ही आमचा दिवस टेकवला.

आणि मग तो बोलला. सगळ्यांसमोर. म्हणाला, “गुदरुन, तुला देवाचं काही पडलेलं नाही. तुला गल्ल्याचं पडलंय. दिवस गेला की पाव खपायचे नाहीत म्हणून तू ओरडतेस.”

मला. ज्या भट्टीसमोर आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो, त्या भट्टीवरून मला. बाबा कडेचे पाव तोडून त्याच्या खिशात घालायचे शाळेला जाताना, साल आवडायची म्हणून, त्याच्यासाठी एक ओळ मुद्दाम कडेला जास्त भाजायचे — आणि हा म्हणतो, गल्ला. मग मी काय केलं? सुरी पुसली. सभासदत्व सोडते म्हटलं, इतिवृत्तात लिहून घ्या म्हटलं, आणि टेबलावरचे केक उचलले. सगळे. एकेक करून, पेट्यांत घालून, पाच खेपा. कुणी हललं नाही. एक म्हातारे शेतकरी तेवढे म्हणाले, तो आंबट रुबार्बचा केक तरी ठेव. नाही ठेवला. बाहेर होल्गर गाडीत बसला होता, तो काही आत यायचा नाही, वेन्स्ट्रेची सभा ना — त्याने मला केकांसकट बघितलं आणि इतका खूश झाला की आठवडाभर आम्ही तेच केक खाल्ले आणि त्याने तक्रार केली नाही. मी केली. कडू लागत होते.

हसतेस तू. हस. पण त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. आणि त्या दिवसापासून मी प्रार्थनादिनाच्या शुक्रवारी बंद ठेवते. गल्ला ना? हा घे गल्ला. पहिल्या वर्षी लोक दार ढकलून बघत होते, मी वर पडद्याआडून बघत होते. खुशाल ढकला म्हटलं. वर्षातला सगळ्यात चांगला शुक्रवार मी रस्त्यावर ओतला, त्याला दिसावं म्हणून. आणि आदल्या दिवशी पाव मात्र केले, दुप्पट केले, आणि सगळे खपले. म्हणजे पाव खपायला सुट्टी लागतच नव्हती, हेही कळलं. तो चुकला होता. हे त्याला सांगायला तोंडच उरलं नाही, ते वेगळं.

आणि त्याच शुक्रवारी झेंड्याचं झालं. होल्गरच्या अंगात आलं. म्हणे, आज झेंडा अर्ध्यावर लावतो. मी म्हटलं, अरे, वाढदिवसाला झेंडा पूर्ण वर, आणि घरात कुणी गेलं की अर्ध्यावर, एवढं शेंबड्या पोराला कळतं, आपल्या घरात कोण गेलंय? तर म्हणतो, दिवस गेलाय. लावला. भट्टी थंड, दुकान बंद, पडदे ओढलेले आणि बागेत झेंडा अर्ध्यावर — आता तूच सांग, रस्त्याने जाणाऱ्याने काय समजावं? शेजारीण फुलं घेऊन आली, पांढरी, काळा कोट घालून. दार मीच उघडलं. ती मला बघून पायरीवरच बसली. म्हणाली, म्हणजे होल्गर गेला? होल्गर मागून सॉसेज चावत बाहेर आला. ती फुलं मग मी ठेवून घेतली, परत कशी देणार.

पण ते गमतीचं झालं. संध्याकाळी पाद्रीणबाई आल्या. त्यांनी कोट काढला नाही, बसल्या नाहीत. म्हणाल्या, गुदरुन, दुपारी मला लाउरिड्सचा फोन आला होता. शेतावरून येताना त्याने तुमच्याकडचा झेंडा बघितला. त्याने विचारलं, आमच्या गुदरुनकडे कोण गेलं. मी म्हटलं, मला काहीच माहीत नाही. मग म्हणाला, तुम्ही जाऊन बघून या, मला जाता येणार नाही. — म्हणजे बघ. मीच मेले असेन असंही वाटलं असेल त्याला. आणि तरी माझ्या दारात नाही आला, चर्चला फोन केला. ‘आमच्या गुदरुनकडे’ म्हणाला. पाद्रीणबाई शब्द बदलत नाहीत, मी दोनदा विचारून घेतलं.

आणि जाता जाता त्या म्हणाल्या, आस्गर लॅटव्हियात पोचला, तुला कळलं असेलच. मला काय कळणार? आस्गर म्हणजे लाउरिड्सचा मुलगा, सैन्यात आहे, ते माहीत होतं, इथे लहानपणी या काउंटरखाली झोपायचा. पण रशियाच्या सीमेकडे जाणार आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मी मनात मागे गेले. ती सभा. तेव्हा लाउरिड्सला ठाऊक असणार, पोराचं नाव यादीत लागलं होतं तेव्हाच. तिथे उभा राहून तो ‘सैन्य’ म्हणाला. ‘आस्गर’ नाही म्हणाला. म्हणाला असता तर — तर काय? तरी मी तेच बोलले असते. हो, बोललेच असते. पोरगा सीमेवर आहे म्हणून दिवस विकणं बरोबर ठरत नाही. फक्त केक नसते उचलले. रुबार्बचा तरी ठेवला असता.

आता तर लाउरिड्सकडे शाखेत कुणी राहिलंही नाही. गायीडुकरांच्या वायूवर कर ठरला ना, हवामानासाठी म्हणे, तोही यांच्याच सरकारने आणला, मग शेतकरी उठून त्या नव्या पक्षाकडे, डेन्मार्क डेमोक्रॅटांकडे गेले. म्हणतात, आम्ही कुठे गेलो, वेन्स्ट्रेच आम्हाला सोडून गेलं. निम्मी शाखा तिकडे गेली. हा स्वतः डुकरं पाळतो आणि डुकरांवरच्या कराची बाजू घेऊन शेजाऱ्यांच्या शिव्या खातो. पूर्वी सभेला खुर्च्या कमी पडायच्या, आता म्हणे सगळे एका टेबलाभोवती मावतात आणि सुपरमार्केटचा केक खातात, पॅकेटमधला. अध्यक्ष अजून तोच. सोड म्हणतात त्याला सगळे, तो सोडत नाही. मूर्ख आहे. बाबांचं काहीही खाली ठेवता येत नाही त्याला. — आमच्या घरात ते सगळ्यांनाच आहे.

थांब. तीच आहे, त्याची. कुत्र्याची जाळी आहे मागे. बँकेसमोर लावली, इंजिन बंद केलं. उतरत नाही बघ. गेल्या वर्षीही असंच, याच वेळेला, तिथेच. काचेतून नुसता दुकानाकडे बघत बसला, मी इथे पुसलेला काउंटर पुन्हा पुसत बसले, आणि शेवटी गेला. पिशवी भरून ठेवलेली तशीच राहिली. होल्गरने खाल्ले ते पाव दुसऱ्या दिवशी, म्हणाला, चिवट आहेत. त्याला काय कळतंय.

मी नाही जाणार. चौक ओलांडायचा आणि काच वाजवायची आणि काय म्हणायचं? मला गल्ल्याचं पडलेलं नाही, हे मी दोन वर्षं बंद दारावर लिहून सांगतेय, त्याला वाचता येतं. त्याने यावं. मोठा आहे, त्याने म्हटलं होतं, त्याने यावं. आणि पुढच्या निवडणुकीत मी कुठे फुली मारणार ते अजून ठरलेलं नाही, हेही त्याला कळू दे. हात आपोआप जाईल असं समजू नये त्याने. हात बांधून ठेवीन.

अगं, तू घरी बँकेवरूनच जाणार ना? — हे बघ. ही धर. खालून धर, कागद पातळ आहे, अजून कोमट आहेत. काच वाजव, तो खाली करेल, पिशवी हातात दे. काही बोलू नकोस. त्याने विचारलं कुणी दिली, तर त्याला वासावरून कळेल, तू कशाला सांगतेस. आणि हे बघ, एवढंच सांग — उद्या दुकान बंद आहे. ते सांगच. आणि झेंडा उद्या टोकापर्यंत असेल, होल्गरला मी बजावलंय. टोकापर्यंत. इथे कुणी गेलेलं नाही.

काय? आस्गरबद्दल विचारू का म्हणतेस? — नको. ते मी… नको. ते तू नको विचारूस.

चल, निघ आता. दार जाताना ओढून घे, जोरात ओढावं लागतं. दुकान बंद झालं.